वर्षाली सिस्टरने मामांना मारलेल्या धक्क्याबाबत

पोलीस स्टेशन, वर्धा
दिनांक २०/०२/२०२५

नाव ऋतिक अण्णाजी उरकुडे, वय २३ वर्षे, शिक्षण आठवी नापास, धंदा मजुरी (विजेच्या टॉवर लाईनवर), रा. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा. सध्या कामानिमित्त मुक्काम जिल्हा जैसलमेर, राजस्थान. मोबाईल आहे, परंतु साईटवर रेंज राहत नाही.

मी आज रोजी पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणचा राहणारा असून माझे वडील मयत आहेत. गावी आई शोभाबाई, वय ४८, एकटी राहते. आईचे थोरले भाऊ म्हणजे माझे मामा बाबाराव डफरे, वय ६१, धंदा शेती, हे आमच्या घराला लागूनच राहतात. वडील गेल्यापासून आमच्या घरचे सगळे मामाच पाहतात. मी कामासाठी बाहेर राहतो. आधी बोअरवेलच्या गाडीवर तेलंगणात होतो, मग पुण्याला हॉटेलात, मग टॉवर लाईनवर लागलो. एका जागी माझे मन लागत नाही, हे गावात सर्वांना माहीत आहे.

माझे मामा बाबाराव यांनी दिनांक १६ रोजी या पोलीस स्टेशनला तक्रार दिली आहे की, वर्धा येथील ज्या दवाखान्यात माझी आई भरती आहे तेथील नर्स वर्षाली (आडनाव मला माहीत नाही, आम्ही वर्षाली सिस्टर म्हणतो) हिने त्यांना चार लोकांसमोर ढकलून पाडले व त्यांच्या कपाळाला टाके पडले. त्या दिवसापासून दवाखान्याने सिस्टरला चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितले आहे. मी त्या वेळी तिथे हजर होतो. माझ्या सांगण्यावरून सिस्टरवर गुन्हा दाखल होईल किंवा होणार नाही, असे हवालदार गजेंद्र साहेबांनी मला समजावून सांगितले. जे पाहिले तेच सांग, लांबण लावू नको, असेही सांगितले. परंतु मागचे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही म्हणून थोडे मागचे सांगतो.

जानेवारी महिन्याच्या शेवटी आईच्या पोटात जोराचे दुखू लागले. मी तेव्हा टॉवरवर होतो. मामांनी आईला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणले, तिथून ऑटोने पुलगावला आणि पुलगावहून वर्ध्याला नेले. आतडे फुटले होते. डॉक्टर म्हणाले की सकाळपर्यंत थांबले असते तर बाई हाती लागली नसती. ऑपरेशनच्या कागदावर मुलाच्या जागी मामांनी सही केली. मला हे सगळे दुसऱ्या दिवशी कळले, रेंज आल्यावर. मामा फोनवर एवढेच बोलले, "वाचली तुही माय, आली कुडी परत. तू घाई करून पडू-झडू नको. पण येजो." मी जोधपूरवरून गाडी पकडली.

मी पोहोचलो तेव्हा आई बायकांच्या मोठ्या हॉलमध्ये होती. ऑपरेशन चांगले झाले होते. तीन-चार दिवसांनी ताप भरला, टाक्यांतून पू येऊ लागला. औषधे चालू होती तरी ताप उतरेना. मग पू तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावले. मी शिकलेला नाही हे पाहून त्यांनी मला विचारले, "घरी कापूस लावता ना?"

मी म्हणालो, "हो साहेब, मामा लावतात."

"बोंडअळीवर आधी फवारा मारला की मरायची. आता?"

"आता फवारा मारला त आंघोळ केल्यासारखी बसून राह्यते."

"तुझ्या आईच्या जखमेत जो जंतू आहे तो तसाच आहे. आमच्याकडची जवळजवळ सगळी औषधं त्याला सरावाची झाली आहेत. एक इंजेक्शन उरलं आहे. ते किडनीला जड आहे, पण ते देऊन पाहावं लागेल."

मी विचारले की हा जंतू आईला लागला कुठून. आमच्या घरी असे काही नव्हते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बहुतेक इथेच लागला. आमच्याच दवाखान्यात. अळी तरी उडून जाते, हा जंतू उडत नाही. त्याला कोणाचा तरी हात न्यायला लागतो. आमचा असेल, नर्सचा असेल, नातेवाइकाचा असेल. नक्की कोणाचा, ते मला सांगता येणार नाही."

हे ऐकून मला राग यायला पाहिजे होता, तसा थोडा आलाही. पण मी आजपर्यंत जिथे जिथे कामाला राहिलो तिथे चूक झाली की मजुराच्या नावावर टाकतात. इतका मोठा माणूस आमच्याकडूनच झाले असेल म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकले. त्यामुळे मी भांडलो नाही. मला त्यांचे आभारच वाटतात.

त्याच दिवशी आईला हॉलमधून काढून समोरच्या एकट्या खोलीत ठेवले. आत जाताना अंगात गाऊन घालायचा, हातमोजे घालायचे, एका वेळी एकच माणूस, आणि आत जाताना व बाहेर येताना हात धुवायचे. आईला वाटले आपल्याला वाळीत टाकले. ती माझ्याशी बोलेना, जेवेना. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मले बाजूले काऊन बसवलं? म्या काय केलं?"

वर्षाली सिस्टर तिथे इंजेक्शन द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हाला नाही बाजूला बसवलं. त्या जंतूला बसवलं. पण तो मेला तुम्हाला सोडून राहत नाही, मग मी काय करू? दोघांना एकच खोली दिली."

आई म्हणाली, "मंग त्याले घरभाडं मागा."

ती तापात असताना असे बोलली म्हणून मी बाहेर येऊन रडलो. मग त्या दिवशी तिने चार घास पेज खाल्ली.

वर्षाली सिस्टर या पंचवीस-सव्वीसच्या असतील. आर्वीकडच्या आहेत, नालवाडीत खोली करून राहतात, असे बोलण्यातून समजले. त्यांनी आईसाठी काय काय केले ते सगळे सांगत नाही कारण हवालदार साहेब घड्याळ पाहत आहेत. एवढेच सांगतो की मी मुलगा असून मला ज्याचा वास सहन होत नव्हता ते त्या रोज दोन वेळा साफ करीत आणि वर आईला विचारीत, "काकू, आज कोणतं गाणं लावू?" आईला मोबाईलवर भजन लावून देऊन मग पट्टी सोडीत, म्हणजे तिचे लक्ष तिकडे राहील.

मला बसवत नव्हते. मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचो. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "दादा, फरशी झिजली. तुमचे पाय एका जागी राहत नाहीत ना? मग एक काम करा." आणि त्यांनी हात साफ करायच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली. "या दारात उभे राहा. हॉलमध्ये जो कोणी जाईल, जो कोणी बाहेर येईल, त्याच्या हातावर टाका. कोणालाही सोडायचं नाही."

मी विचारले, "कोणालाच नाही?"

"मलाही नाही."

त्या दिवसापासून मी त्या दारावर उभा राहू लागलो. टॉवरवर चढणाऱ्या माणसाचा पट्टा दुसऱ्याने तपासल्याशिवाय वर जाऊ द्यायचे नाही असा आमच्या गँगचा नियम आहे, तसेच हे, असे मी समजलो. झाडूवाल्या मावशींना टाकले, सलाईनवाल्याला टाकले, डबा घेऊन येणाऱ्यांना टाकले. मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींना घेऊन आले तेव्हाही मी बाटली पुढे केली आणि म्हणालो, "साहेब, हात." पोरी हसल्या. डॉक्टर थांबले, माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही हात पुढे केले. पोरांना म्हणाले, "हसू नका. रांगेत या." त्यानंतर ते रोज दारात आले की आधीच हात पुढे करीत, लग्नात अत्तर लावून घेतात तसे. मला आयुष्यात एवढा मान कोणत्याही कामावर मिळाला नाही. मी इतके दिवस एका दारात उभा राहिलो हे मामांना सांगितले तर त्यांना खरे वाटले नाही.

नवीन इंजेक्शनाने आईचा ताप हळूहळू उतरू लागला.

दिनांक १६ रोजी रविवार होता. भेटीच्या वेळेत, दुपारी चारच्या सुमारास, मामा गावातून छोटा हत्ती टेम्पो भरून माणसे घेऊन आले. आमच्या गावात कोणी दवाखान्यात भरती झाले की पाहायला जाणे हे आलेच. जो जात नाही त्याला लोक म्हणतात की हा आता तेरवीलेच येईल. आणि आपल्या माणसाला पाहून झाले की बाजूच्या खाटेवरच्या माणसालाही पाहतात, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, फळ देतात. आपल्याच पेशंटला पाहून बाजूच्याला न विचारता निघून येणे आमच्याकडे माणुसकीला सोडून मानतात.

आई हॉलमध्ये होती तेव्हा तिच्या बाजूच्या खाटेवर अंकिता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिचेही पोटाचे ऑपरेशन झालेले आहे. तिचे वडील रामाजी हे हिंगणघाटकडचे आहेत. मामा आईला पाहायला आले की अंकितालाही पाहत, तिला संत्रे सोलून देत, तिच्या लग्नात नाचायचे कबूल करून ठेवले होते. ती त्यांना मामाजी म्हणते. आईला वेगळ्या खोलीत नेल्यावर अंकिताची खाट हॉलमध्ये तिथेच राहिली, म्हणजे आईच्या खोलीतून निघाले की हॉलचे दार आणि दारातून सरळ अंकिताची खाट दिसते.

रविवारी मी नेहमीप्रमाणे हॉलच्या दारावर बाटली घेऊन उभा होतो. मामा मला पाहून मोठ्याने म्हणाले, "काय रे भाच्या, वॉचमन झाला काय? राजस्थानात टावर बांधतो म्हणून सांगत होता ना?" गावची माणसे हसली. मी त्यांना सांगितले की आईकडे एका वेळी एकच जण, बाकीच्यांनी इथेच थांबा. बाकीचे थांबले. मामांना मी आईच्या खोलीच्या दाराशी सोबत नेले आणि हात पुढे करा म्हणालो. तेव्हा मामा माझ्या पाया पडायला वाकले. आमच्या भागात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो, ही रीत आहे. पण सगळ्या गावासमोर, सगळ्या नर्सांसमोर, एकसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने मला खांद्यावर बसवून पोळा दाखवला, तो माझ्या पायाशी वाकला, त्यामुळे मी लाजून मागे सरकलो. मी मागे सरकलो तसे दार मोकळे झाले व मामा तसेच आत गेले. गाऊन घातला नाही, मोजे घातले नाहीत. मी म्हणालो, "मामा, हात राह्यले." ते म्हणाले, "हात काय पाहतं, घरून निघतानाच धुतले."

मामांनी आईच्या कपाळाला देवीचा अंगारा लावला. तिची पट्टी त्या वेळी भिजलेली होती. मामांनी पट्टीवर हात ठेवून विचारले, "इथं दुखते काय, बाई?" आई रडली. मामाही रडले. नंतर ते बाहेर आले व हॉलच्या दारातून आत शिरून अंकिताच्या खाटेकडे वळले.

त्यानंतर नेमके काय झाले ते मी पाहिले नाही. माझे तोंड आईच्या खोलीकडे होते. आवाज आला म्हणून मी वळून पाहिले तेव्हा मामा खाली पडलेले होते. त्यांचे कपाळ लोखंडी कपाटाच्या कोपऱ्याला लागून रक्त येत होते. धक्का मारला की पाय घसरला, हे मला सांगता येत नाही.

यानंतर गावच्या लोकांनी आरडाओरडा केला. त्या गोंधळात वर्षाली सिस्टरनेच हातातले मोजे काढून फेकले, हात धुतले, नवीन मोजे घातले आणि मामांच्या कपाळावर कापूस दाबून धरला. एक जण त्यांच्या अंगावर धावून गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नंतर मारा. आधी रक्त थांबू द्या." मामांचे डोके त्यांच्या मांडीवर होते. हे मी पाहिलेले आहे.

सोमवारी दवाखान्याच्या मॅनेजर साहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "काका फरशीवर घसरले असं सांगून टाक. विषय मिटेल." गावचे लोक म्हणाले, "सिस्टरनं मुद्दाम ढकललं असं सांग. मामाची इज्जत आहे." मामा स्वतः मला काहीच म्हणाले नाहीत. मला दोघांचेही नुकसान नको आहे. मामा नसते तर आई दवाखान्यात पोहोचली नसती आणि सिस्टर नसत्या तर दवाखान्यातून परत येण्याची वेळ आली नसती. यापेक्षा मला जास्त सांगायचे नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला वाचून दाखविला.

वाचून दाखवीत असताना माझे मामा बाबाराव, जे बाहेरच्या बाकावर अंकिताचे वडील रामाजी यांच्या शेजारी बसलेले होते, ते दारात येऊन उभे राहिले. रामाजी यांनाही आज जबाबासाठी बोलावलेले आहे. हवालदार साहेबांनी मामांना बाहेर थांबायला सांगितले. मामा म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं. माही पट्टी तुम्हाले दिसून राह्यली ना, मंग मले दोन मिनिटं द्या." नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "काऊन रे, तू दारातच उभा होता ना?"

मी खुर्चीवरून उठलो.

"तोंड माह्याकडंच होतं तुह्यं. बाटली हातात होती. मी पडताना तूच पहिला ओरडला, 'मामा' म्हणून. अन इथं म्हणतं पाहिलं नाई. काऊन खोटं लिहून देतं? माह्यासाठी?"

मी म्हणालो, "मामा, तुम्ही बाहेर बसा."

मामा म्हणाले, "बाहेर बसलो होतो तेच बरं झालं. या रामाजीनं माह्यापुढं हात जोडले. म्हणते, माह्या पोरीनं तुम्हाले आवाज देला म्हणून तुमचं डोकं फुटलं, माफ करा. पोरगी रोज विचारते म्हणते, मामाजीचं डोकं कसं हाये. माणूस मलेच माफी मागून राह्यला! अन मी इथं त्या सिस्टरवर कागद देऊन बसलो." मग मला म्हणाले, "लिहून दे. धक्का कोणी मारला ते लिही, अन माहा हात कुठं चाललता तेही लिही. भाचा आहेस, तुह्या पाया पडतो मी. पण खोटं लिहिलं त कान धरीन."

हवालदार साहेबांनी मला विचारले की जबाबात दुरुस्ती करायची आहे काय. मी हो म्हणालो. त्यावरून पुढे सांगतो की,

मामा आईच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना आईच्या पट्टीचे ओले लागलेले होते व अंगाराही होता. मी ते पाहिले. माझ्या हातात बाटली होती, मी ती पुढे करायला पाहिजे होती. केली नाही. मामा रडत होते म्हणून माझ्याने झाले नाही. त्याच वेळी अंकिताने खाटेवरून हाक मारली, "मामाजी, मले नाई पाहत काय?" मामा डोळे पुसून हसले, "तुले कशी विसरीन, पोरी!" आणि अंगारा लावायला हात पुढे करून तिच्याकडे निघाले.

त्या वेळी वर्षाली सिस्टर अंकिताची पट्टी बदलत होत्या. जखम उघडी होती. त्या म्हणाल्या, "काका, थांबा." मामा थांबले नाहीत. "काका, हात लावू नका, थांबा!" असे त्या पुन्हा ओरडल्या. मामांना वाटले त्या नेहमीसारखे नियम सांगतात. ते म्हणाले, "अंगाराच लावतो बाई, विष नाई." आणि खाटेवर वाकले. त्यांचा हात अंकिताच्या पोटावरून तिच्या कपाळाकडे चालला होता. तेव्हा सिस्टरने हातातला ट्रे टाकून दिला आणि दोन्ही हातांनी मामांच्या छातीवर धक्का मारला. मामा मागे पडले. पाय घसरला नाही. फरशी कोरडी होती.

धक्का जोराचा होता काय, असे विचारल्यावरून सांगतो की, जोराचा होता. हळू मारला असता तर मामा थांबले नसते.

हे मी आधी लिहून दिले नाही कारण त्यातून असे दिसले असते की आईचा जंतू मामांच्या हातून त्या पोरीपर्यंत जाणार होता आणि मी दारावर असून त्यांना जाऊ दिले. आईसाठी जे मामांनी केले ते करणाऱ्या माणसाच्या हाताबद्दल असे लिहायला माझा हात धजला नाही.

अंकिताच्या जखमेचा नमुना तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आज सकाळी आला व त्यात तो जंतू निघाला नाही, तिला दोन-तीन दिवसांत सुट्टी होणार आहे, असे रामाजी यांनी मामांना बाकावर सांगितले. हे रामाजी यांच्याकडून खरे करून घेता येईल. ते बाहेर बसलेले आहेत.

हवालदार साहेब मामांना म्हणाले, "बाबारावजी, हे असं लिहिलं तर तुमची तक्रार उभी राहत नाही."

मामा म्हणाले, "नाई राह्यली त बसू द्या. ती पोरगी उभी राह्यली ना."

तरी साहेबांनी विचारले की टाक्यांचे काय. मामा म्हणाले, "टाके त्या सिस्टरनंच घालून घेतले माह्या डोक्याले, डॉक्टरपाशी उभी राहून. बाकीचं आमचं आम्ही पाहून घेतो. तिले कामावर घ्या म्हणाव. माही बहीण तिच्या हातानंच पट्टी करून घेते, दुसरीले हात लावू देत नाई."

सबब, माझे म्हणणे असे आहे की, दिनांक १६ रोजी वर्षाली सिस्टरने माझे मामा बाबाराव यांना धक्का मारला, हे खरे आहे, आणि त्या धक्क्याबद्दल मी सिस्टरचा आभारी आहे. हे दुसरे वाक्य जबाबात बसत नाही असे हवालदार साहेबांनी सांगितले. मी म्हणालो की पहिले एकटे लिहिले तर ते खोटे ठरते, दोन्ही सोबत लिहा. त्यावरून लिहिले.

आईचा ताप आता गेला आहे. जखम भरायला वेळ लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. ठेकेदाराचा फोन आला होता, त्याला मी सांगितले की आई घरी आल्याशिवाय मी येत नाही. तो म्हणाला, "तू तर आठ दिवस कुठे टिकत नव्हतास." मी उद्यापासून पुन्हा त्या दारावर उभा राहणार आहे.

हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. एकदा वाचून दाखविला तेव्हा तो अर्धाच खरा होता. दुसऱ्यांदा सगळा वाचून दाखविला, तो मी व माझ्या मामांनी उभे राहून ऐकला, आणि तो मी सांगितल्याप्रमाणे व घडल्याप्रमाणे बरोबर आहे. म्हणून त्याखाली माझी सही केली आहे.

माझ्या सहीखाली दुसरी सही माझ्या मामांची आहे. त्यांची सही इथे लागत नाही, असे त्यांना सांगितले होते.